‘स्किन कलर’चा खडू आणि भिंतीवरचा येशू

मावशी, सलाम.

मी नगर जिल्ह्यातल्या एका गावात राहते. माझी मुलगी ९ वर्षांची आहे. रंगाने माझ्यावर गेली आहे, म्हणजे चांगलीच काळी. गेल्या महिन्यात संडेस्कूलमध्ये मुलांना येशूचं चित्र काढायला सांगितलं होतं. हिने चेहरा तपकिरी रंगवला. बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘अगं, येशू गोरा होता, तो स्किन कलर घे,’ आणि दुसऱ्या मुलीच्या डब्यातला खडू हिच्या हातात दिला. त्याच आठवड्यात नाताळच्या नाटकातली कामं वाटली. हिला मरीयेची सगळी वाक्यं पाठ होती, पण मरीया दुसरीला मिळाली, कारण ती ‘स्टेजवर उजळ दिसते’. हिला मेंढपाळ. सलग तिसऱ्या वर्षी मेंढपाळ. रात्री झोपताना मला म्हणाली, ‘आई, येशूला माझा रंग आवडत नाही का?’ मला उत्तर देता आलं नाही.

नवरा म्हणतो, देवाला रंग नसतो, तू डोक्यात घेऊ नकोस. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा गोष्टीवरून मंडळीत वाद नको. मला तर पुढच्या खोलीतलं येशूचं चित्रच भिंतीवरून काढावंसं वाटतं. खांद्यापर्यंत मऊ केस, बाजूला बघणारा चेहरा, कपाळावर उजेड. आजेसासऱ्यांना ते मिशनच्या दवाखान्यातून मिळालं होतं. त्यांना गावच्या देवळाची पायरी चढू देत नव्हते आणि चर्चमध्ये ते पहिल्या बाकावर बसले, असं घरात अजून सांगतात. म्हणून हात धजत नाही. मुलीला काय सांगू? बाईंशी बोलू का? तिच्या रंगाची काळजी मलाही आहेच, दर रविवारी डाळीचं पीठ आणि हळद लावते.

– एक आई

*

लेकी, सलाम.

आधी मुलीचा प्रश्न घेते, कारण ती अजून उत्तराची वाट बघत असेल. नऊ वर्षांची मुलं प्रश्न विचारून झोपी जातात, पण प्रश्न विसरत नाहीत. आज रात्रीच तिला सांग: येशू गोरा नव्हता. त्याचा रंग तू काढलेल्या चित्रातल्या रंगाच्या जवळचा होता. तुझं चित्र चुकलं नव्हतं.

एवढं साधं, एवढं थेट. तुझ्या नवऱ्याचं वाक्य तिला सांगू नकोस. ‘देवाला रंग नसतो’ हे तो चांगल्या मनाने म्हणतो, मला कळतं. पण मुलीने देवाचा रंग विचारलेलाच नाही, तिने येशूचा विचारलाय. आणि आपल्या विश्वासाचा सगळा डोलारा योहानाच्या शुभवर्तमानातल्या एका वाक्यावर उभा आहे: शब्द देही झाला. देह घेतला म्हणजे हाडं आली, भूक आली, घाम आला, आणि कातडीही आली. तिला काहीतरी रंग होताच. शिवाय तुझ्या घरात देवाला रंग नसतो असं कसं म्हणायचं? पुढच्या खोलीत चौकटीत तो रंग टांगलेला आहे आणि मुलगी रोज त्याच्या खालून शाळेत जाते.

मग तिच्याजवळ बस आणि पवित्र शास्त्र उघड. येशू दिसायला कसा होता हे चारही शुभवर्तमानांत कुठेच लिहिलेलं नाही. ना उंची, ना डोळे, ना केस. पण अशा दोन-तीन जागा आहेत जिथून मुलाला आपोआप कळतं. मत्तयाचा २६ वा अध्याय काढ. गेथशेमाने बागेतली, येशूला पकडलं ती रात्र. त्याला धरून देणारा शिष्य यहूदा तलवारी-सोटे घेतलेला जमाव घेऊन येतो, पण त्याला आधी खूण ठरवावी लागते: मी ज्याचं चुंबन घेईन तोच तो. तिला विचार, का बरं? बारा-तेरा सावळ्या माणसांत एकच गोरापान, सोनेरी केसांचा असता तर खूण कशाला लागली असती? मशालीच्या उजेडातही दिसला असता. तो बाकीच्यांसारखाच दिसत होता, कोळ्यांसारखा, उन्हातल्या माणसांसारखा. दुसरी जागा योहान २०. पुनरुत्थानाच्या सकाळी मरीया मग्दालीया त्याला बघते आणि तिला वाटतं, हा बागेतला माळी असावा. माळी! मला ही ओळ सगळ्यात लाडकी आहे. आणि तिसरी, बाळाला घेऊन मरीया आणि योसेफ हेरोद राजापासून लपायला मिसर देशात जातात ती. लपायचं असेल तर माणूस आपल्यासारखी माणसं असतील तिथेच जातो.

हे तिला वाचू दे, तू सांगू नकोस. तिलाच शोधू दे.

तुझ्यासाठी थोडं जास्त लिहिते, कारण बाईंशी बोलताना तुझ्या पायाखाली जमीन पक्की हवी. येशू गालीलातला यहुदी, नासरेथच्या सुताराच्या घरचा. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या जोन टेलर यांनी त्या काळच्या यहुदी माणसांचे सांगाडे, कपडे, लेखन असं सगळं तपासून २०१८ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांच्या मते उंची साधारण १६६ सेंटीमीटर, म्हणजे साडेपाच फुटांना जरा कमी, डोळे तपकिरी, केस काळे, कातडी गव्हाळ-तपकिरी. त्याआधी २००१ मध्ये बीबीसीसाठी रिचर्ड नीव्ह यांनी पहिल्या शतकातल्या एका यहुदी पुरुषाच्या कवटीवरून चेहरा घडवला होता. रुंद नाक, आखूड कुरळे केस, रापलेला रंग. तो काही येशूचा चेहरा नव्हे, त्याच्या मुलखातल्या कुणा एका माणसाचा आहे. पण तो बघितल्यावर लोक दचकले, कारण असा माणूस त्यांच्या चर्चच्या दारात आला असता तर त्यांनी आधी विचारलं असतं, काय काम आहे? लांब केसांचंही तसंच. प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो की पुरुषाने लांब केस राखणं लाजिरवाणं आहे. प्रभू खांद्यापर्यंत केस ठेवून हिंडत होता हे सगळ्यांच्या ध्यानात असतं, तर पौलाने असं लिहिलं असतं का?

मग हे चित्र आलं कुठून? येशू हयात असताना कुणी त्याचं चित्र काढलं नाही. आपल्याला माहीत असलेल्या सगळ्यात जुन्या चित्रांपैकी एक सीरियातल्या दुरा-युरोपोस या गावच्या घरगुती चर्चच्या भिंतीवर सापडलं, साधारण इ. स. २३५ च्या सुमाराचं. पक्षाघाती माणूस बरा होऊन आपली खाट पाठीवर टाकून निघालाय आणि येशू उभा आहे. दाढी नाही. केस आखूड. तिथल्या कुठल्याही तरुणासारखा. रोमच्या भुयारी दफनभूमीतही तो सुरुवातीला बिनदाढीचा, खांद्यावर मेंढरू घेतलेला पोरसवदा मेंढपाळच दिसतो. (तुझ्या मुलीला तीन वर्षं मेंढपाळ मिळालाय ना, तिला हे जरूर सांग. येशूच्या पहिल्या चित्रांतली बरीचशी मेंढपाळाचीच होती.) दाढी आणि लांब केस नंतर आले, ग्रीक-रोमन देवांच्या आणि तत्त्ववेत्त्यांच्या मूर्तींसारखे, सिंहासनावर बसलेल्या राजाला शोभेलसे. पुढे युरोपातल्या चित्रकारांनी त्याला आपल्यासारखा काढला, जसं सगळे काढतात. इथिओपियाच्या ख्रिस्ती लोकांनीही शतकानुशतकं त्याला मोठ्या काळ्या डोळ्यांचा, आपल्या रंगाचा काढलाय. त्यात पाप नाही. पाप तिथे सुरू झालं, जिथे एका मुलखाचं चित्र जहाजांत भरून जगभर गेलं आणि चित्राचा फोटो झाला.

तू वर्णन केलेलं चित्र मी बघितल्याबरोबर ओळखेन. ते बहुतेक शिकागोच्या वॉर्नर सॉलमन या चित्रकाराचं असणार. त्याने १९२४ मध्ये एका चर्चच्या मासिकासाठी कोळशाने रेखाटन केलं आणि १९४० मध्ये ते तैलरंगात रंगवलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना ते खिशात मावणाऱ्या कार्डावर छापून वाटलं. आजवर त्याच्या ५० कोटींहून अधिक प्रती निघाल्यात. म्हणजे आपण ज्याला ‘येशू असाच होता’ म्हणतो, तो तुझ्या आजेसासऱ्यांच्या तरुणपणी अमेरिकेत एका जाहिरातीच्या चित्रकाराने घडवलेला चेहरा आहे.

आमच्याही घरी तेच चित्र होतं, रेडिओच्या वर. मी सात-आठ वर्षांची असताना रात्री सगळ्यांची प्रार्थना झाली की पांघरुणात आणखी एक प्रार्थना करायचे: प्रभू, मला सकाळी गोरी कर. सकाळी उठल्यावर आधी हात बघायचे. तळहात उलटे करून, दोन्ही बाजूंनी. असं किती दिवस केलं ते आठवत नाही, पण बंद कधी केलं ते आठवतं. मला वाटलं, माझ्या विश्वासातच कमी आहे, म्हणून तो ऐकत नाही. हे मी आईला कधी सांगितलं नाही. तुझ्या मुलीने तुला विचारलं, लेकी. हे फार मोठं आहे.

आता चित्र काढायचं का? नको. माझं ऐक, त्याला हात लावू नकोस. रंग चुकीचा आहे म्हणून नव्हे, तुझ्या आजेसासऱ्यांनी त्या चित्रात रंग बघितला नव्हता म्हणून. ज्या माणसाला गावच्या देवळाची पायरी बंद होती, त्याला कुणीतरी पहिल्या बाकावर बसवलं. त्या चौकटीत त्यांनी ती जागा टांगली आहे. मुलीला ही गोष्टही सांग, आणि दोन्ही गोष्टी एकत्र सांग: हे चित्र पणजोबांच्या मानाचं आहे, आणि हा चेहरा शिकागोच्या चित्रकाराचा आहे. नऊ वर्षांच्या मुलीला दोन गोष्टी एका वेळी कळतात. मोठ्यांनाच त्या जड जातात.

चित्र तसंच ठेव. त्याच्या शेजारी दुसरं लाव.

इथे तुला एका माणसाबद्दल सांगायचंय. आपल्या लोकांना तो फार थोडा माहीत आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं. आंजेलो दा फोन्सेका. १९०२ मध्ये गोव्यातल्या सांत इस्तेव्ह बेटावर जन्म. डॉक्टरकी सोडून चित्रकलेकडे वळला, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकला, तिथे युरोपच्या नकला करण्यात मन रमेना म्हणून बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोरांकडे गेला. परत गोव्यात येऊन त्याने मरीया काढली, साडी नेसलेली, सावळी, आपल्याकडच्या बाईसारखी. पोर्तुगीजांच्या गोव्यात ते अनेकांना सहन झालं नाही. त्याला गाव सोडावं लागलं. तो आला पुण्याला, आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून आयुष्यभर चित्रं काढत राहिला, १९६७ मध्ये जाईपर्यंत. त्याची मरीया जमिनीवर मांडी घालून बसते, डोक्यावर पदर असतो, बाळ तिच्याच रंगाचं. त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह आज गोव्यात पर्वरीला, झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहे. कधी गोव्याला गेलात तर समुद्राचा एक दिवस कमी करा आणि पोरीला ती मरीया दाखवा.

मला राहून राहून वाटतं की आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी येशूला शब्दांत कधीच आपलं करून घेतलं होतं. फादर स्टीफन्स तर इंग्लंडातून आलेला, पण १६१६ मध्ये त्याने ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत छापलं. नारायण वामन टिळक तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत, ख्रिस्ताला माउली म्हणत, टाळ-मृदंगाच्या साथीने त्याचं कीर्तन करत. आपल्या जिल्ह्यातच ते घडलं. कानांनी आपण त्याला घरचा केला. डोळ्यांना मात्र परकाच लागत राहिला. आणि ज्या भाषेत देवाला लाडाने ‘सावळा’ म्हणतात, त्याच भाषेत मुलीला ‘सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस’ म्हणतात. तो ‘पण’ आपल्या सगळ्यांच्या जिभेवर आहे, कुठल्याही धर्माच्या.

एक सांभाळ. मुलीला ‘येशू आपल्यासारखा होता’ म्हणताना ‘येशू आपल्यातलाच होता’ असं होऊ देऊ नकोस. तो यहुदी होता, हे तिला नावानिशी कळू दे. ते विसरलं की काय होतं ते जर्मनीत दिसलं. १९३९ मध्ये आयझेनाख गावात चर्चमधून यहुदी प्रभाव पुसून टाकण्यासाठी एक संस्थाच निघाली होती. येशू यहुदी नव्हताच असं तिथले पंडित लिहीत होते, आणि त्याच वर्षांत त्याच्या रक्ताच्या लोकांना आगगाड्यांत कोंबलं जात होतं. फोन्सेकाच्या मरीयेला साडी आहे ती प्रेमाने नेसवलेली. ती बेथलेहेमात साडी नेसत होती असं त्याने कधी म्हटलं नाही. तपकिरी खडू घेताना तुझ्या मुलीने मात्र नकळत इतिहासच नीट काढला.

आता बाई. त्यांच्याशी बोल, नक्की बोल. सासूबाईंना सांग की भांडायला जात नाहीये. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक अक्षर टाकू नकोस. रविवारी उपासनेनंतर दारातही गाठू नकोस, मधल्या वारी त्यांच्या घरी जा. त्यांनी हेतुपुरस्सर केलं असेल असं मला वाटत नाही. त्यांच्याही घरी तीच चौकट असेल. मुलीने रात्री काय विचारलं ते त्यांना जसंच्या तसं सांग आणि थांब. त्यांना ऐकू दे. मग दोनच गोष्टी माग. एक, तिचं तपकिरी चित्र बाकी मुलांच्या चित्रांबरोबर वर्गात लागावं. दोन, पुढच्या वर्षीपासून नाटकातली कामं वाक्यं म्हणून दाखवल्यावर द्यावीत, रंग बघून नाही. या वर्षीची मरीया त्या दुसऱ्या मुलीकडून काढून मागू नकोस. तीही लहान आहे, आणि तिने आतापर्यंत आजी-आजोबांना सांगून टाकलं असेल.

आणि त्या खडूबद्दलही बोल. अमेरिकेत क्रेयोला कंपनीच्या डब्यात पूर्वी त्या फिकट गुलाबी खडूवर ‘फ्लेश’ असं छापलेलं असे, म्हणजे कातडीचा रंग. १९६२ मध्ये कंपनीने ते नाव काढून ‘पीच’ केलं. साठहून अधिक वर्षं झाली. आपल्याकडे पोरं अजून त्याला स्किन कलर म्हणतात, आणि नगर जिल्ह्यातल्या एकाही पोराची कातडी तशी नाही.

बाईंनी ऐकलं नाही तर पाळकसाहेबांकडे जा. त्यांना एका खिडकीबद्दल सांग. मुलीला नको, ती लहान आहे. अमेरिकेत अलाबामातल्या बर्मिंगहॅमला, १५ सप्टेंबर १९६३ च्या रविवारी, काळ्या लोकांच्या एका बाप्टिस्ट चर्चमध्ये गोऱ्या वंशवाद्यांनी बॉम्ब ठेवला. चार मुली गेल्या, तिघी १४ वर्षांच्या, एक ११ ची. स्फोटात एका रंगीत काचेच्या खिडकीतला येशू बराचसा शाबूत राहिला, त्याचा फक्त चेहरा उडाला. ही बातमी ऐकून दूर वेल्समधला जॉन पेट्स नावाचा काचचित्रकार अस्वस्थ झाला. त्याला त्या चर्चसाठी नवी खिडकी करायची होती. तिथल्या वर्तमानपत्राने वर्गणी काढली आणि अट घातली की कुणीही अर्ध्या क्राउनहून (तिथलं तेव्हाचं एक छोटं नाणं) जास्त द्यायचं नाही, म्हणजे देणगी दोन-चार श्रीमंतांची न होता सगळ्या वेल्सची व्हावी. १९६५ मध्ये खिडकी बसली. तिच्यात काळा ख्रिस्त हात पसरून उभा आहे, एका हाताने द्वेष मागे लोटतोय, दुसऱ्याने क्षमा देतोय. खाली मत्तयाच्या २५ व्या अध्यायातले शब्द आहेत: ते तुम्ही मला केलं. या खिडकीबद्दल ऐकल्यावर कुठलाही पाळक ‘एवढीशी गोष्ट’ म्हणेल असं मला वाटत नाही.

शेवटी तुझ्याबद्दल. पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता तू डाळीच्या पिठाचं लिहिलंस. मी तिथेच अडकले. मुलीचा प्रश्न संडेस्कूलमध्ये जन्मला नाही, लेकी. दर रविवारी चर्चला जायच्या आधी तिची आई तिच्या तोंडावर काहीतरी चोळते आणि मग धुऊन काढते. मग ती त्या गोऱ्या चित्राखालून बाहेर पडते. तिने दोन्ही जोडून बघितलं आणि तुलाच विचारलं, कारण तू दोन्हीकडे होतीस. तुला दोष देत नाही. तुझ्या आईने तुला लावलं असेल, माझ्या आईने मला लावलं. काळजीनेच लावतात. तिला उद्या स्थळं सांगून येतील, तेव्हा लोक काय म्हणतील, हे भय खोटं नाही. पण ती काळजी तुझी तू वाहा, तिच्या गालावर चोळू नकोस. या रविवारी पीठ भिजवू नकोस. तिने विचारलं तर सांग, आता लागत नाही.

आणि तिचं चित्र बाईंकडून परत मिळालं की नगरला चौकटीच्या दुकानात दे. तेलखडूचा रंग हाताला लागतो, म्हणून काच बसवून घे. चौकट आजेसासऱ्यांच्या चित्राएवढीच सांग, लहान नको. दोन्ही एकाच उंचीवर टांगा, खिळा ठोकताना सासूबाईंना दोरी धरायला सांग.

तुझी,
मावशी